रझाकार की ॲक्शन? सुंदरलाल अहवाल, दक्षिण सुदान आणि आमचं खासरा पत्रक

आमच्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९५० आहे. ती खोटी आहे हे तिलाही माहीत आहे. वय विचारलं की ती सांगते, "मी रझाकाराच्या सालातली. आईनं मला पोटात घेऊनच बार्शी गाठली." भूममध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान चालवणारे चाचा तिच्याहून आठेक वर्षांनी मोठे. त्यांना विचारा. "पोलीस ॲक्शन झाली तवा मी एवढा होतो," म्हणून ते हात कमरेच्या जरा वर धरतात. साल एकच, १९४८. गल्लीही एकच. पण आजीच्या तोंडी 'ॲक्शन' हा शब्द कधी आला नाही, आणि चाचा 'रझाकार' शब्द स्वतःहून काढत नाहीत.

हे मी इथे लिहितेय कारण माझ्या कामाची सुरुवात नेमकी अशाच प्रश्नाने होते. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं. पीएच.डी.चा विषय असा: जिथे जन्ममृत्यूची नोंद ठेवणारी यंत्रणाच मोडली आहे तिथे किती माणसं मेली याचा अंदाज कसा बांधायचा. उदाहरण दक्षिण सुदानचं. तिथे पाहणी करणारे लोक घरोघर जाताना सोबत 'स्थानिक घटनांचं कॅलेंडर' नेतात. मोठा पूर आला ते वर्ष, गुरं पळवली ते वर्ष, अमुक गाव जळालं तो महिना. माणसाला तारीख आठवत नाही, घटना आठवते, आणि तिच्यावरून मूल कधी जन्मलं, म्हातारा कधी गेला हे काढतात. मला ही पद्धत पहिल्यांदा शिकवली तेव्हा वाटलं, हे तर आमच्या ओट्यावर रोज चालतं.

गावात मला नेहमी विचारतात, "एवढ्या लांबचं कशाला घेऊन बसलीस?" आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्यासाठी एक जुना अहवाल तपासायचा आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, तेव्हा हा अहवाल मी माझ्या चष्म्यातून, म्हणजे मोजमाप म्हणून वाचणार आहे.

आधी थोडी उजळणी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरलं. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. इथपर्यंतचं सगळं आपल्याला शाळेत, भाषणात, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनात मिळतं. त्याआधीचं वर्षही मिळतं: कासीम रझवीचे रझाकार, लुटलेली गावं, सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे पळालेली कुटुंबं. ते सगळं खरं आहे. माझी आजी त्यातूनच जन्मली. अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' ज्याने वाचलं नाही त्याने आधी ते वाचावं, मग माझं.

पण १८ सप्टेंबरला काय झालं? आणि १९ ला?

त्याचं उत्तर शोधायला दिल्लीहून एक शिष्टमंडळ आलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. २९ नोव्हेंबर १९४८ ला हैदराबादेत पोहोचले, २१ डिसेंबरला दिल्लीला परत. म्हणजे तेवीस दिवस. तेवढ्यात त्यांनी राज्याच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्हे, ७ जिल्ह्यांची मुख्य ठिकाणं, २१ शहरं-कसबे आणि २३ गावं पाहिली, आणि जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलले. ३१ जाहीर सभा आणि २७ खासगी बैठका घेतल्या. निष्कर्ष असा: पोलीस कारवाईत आणि तिच्यानंतर, अगदी हात राखून सांगायचं तरी, २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि त्यातली फार मोठी संख्या मुसलमानांची. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांत मिळून १८ हजारांहून कमी नाहीत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चारांत किमान ५ हजार.

यादीतलं पहिलं नाव आपल्या जिल्ह्याचं आहे. आज त्याला धाराशिव म्हणतात. भूम तालुका त्याच जिल्ह्यात.

सरकारने हा अहवाल छापला नाही. सरदार पटेलांना हे शिष्टमंडळच पसंत नव्हतं, ते त्यांच्या पत्रव्यवहारात दिसतं. अहवाल ६० वर्षांहून जास्त काळ आपल्यासारख्या वाचकांच्या हाती पूर्णपणे आलाच नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूराणींच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो सबंध छापून आला, आणि त्याच सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयातली प्रत अभ्यासकांनी पाहिल्याच्या बातम्याही आल्या.

आता मूळ प्रश्न. २७ ते ४० हजार हा आकडा कितपत भरवशाचा?

माझं मत: तो अंदाज म्हणून कच्चा आहे, आणि त्याच्या कच्चेपणाचा दोष ज्यांच्या माथी मारला जातो त्यांचा तो नाही.

कच्चा का, ते बघू. २७ आणि ४० मधलं अंतर बघून तुम्हाला वाटेल, ही आपल्या निवडणूक चाचण्यांत असते तशी 'अधिक-उणे' मर्यादा असेल. तसं नाही. ती मर्यादा काढायला नमुना चिठ्ठ्या टाकून निवडलेला असावा लागतो. इथे गावं निवडली ती जिथे जायला रस्ता होता, जिथे काही घडल्याचं कानावर आलं होतं, जिथे सभा भरवता येत होती. वीस हजारांहून अधिक गावं असलेल्या राज्यात थेट आणि ऐकीव मिळून १३२ गावांची माहिती. बेरीज करून बघा: चार जिल्ह्यांचे १८, पुढच्या चारांचे ५, झाले २३ हजार. खालची मर्यादा २७ गाठायला आणखी चार हजार लागतात, ते उरलेल्या आठ जिल्ह्यांतून यायला हवेत. पण समिती गेली होती एकूण ९ जिल्ह्यांत. म्हणजे जिथे बहुधा पाऊलही पडलं नाही अशा भागाचा हिशेब मनाच्या अंदाजाने धरलेला आहे.

दुसरी अडचण याहून मोठी. जाहीर सभेत कोण बोलतो? जो उरला तो. ज्या वाडीत दोनच मुसलमान घरं होती आणि दोन्ही संपली किंवा रातोरात हैदराबादला निघून गेली, त्या वाडीचा माणूस सभेत उठून उभा राहणार नाही. उलट मोठ्या कसब्यात एकाच मृत्यूबद्दल भाऊ सांगतो, मेहुणा सांगतो, शेजारी सांगतो. एकीकडे मृत्यू दोनदा-तीनदा मोजले जातात, दुसरीकडे मोजलेच जात नाहीत. दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतील अशी आशा करता येते, सिद्ध करता येत नाही.

यावर आमच्या शास्त्रात एक साधा उपाय आहे. तळ्यात मासे किती हे मोजणाऱ्यांनी तो शोधला. समजा एका गावात मशिदीतल्या लोकांनी गेलेल्यांची यादी केली, ४० नावं. पाटलाच्या घरून वेगळी यादी निघाली, ३० नावं. दोन्ही याद्यांत सामाईक नावं २०. म्हणजे पाटलाच्या यादीतल्या तिसात वीस जण मशिदीच्या यादीने 'पकडले', तीनात दोन. मग मशिदीची यादी एकूणातलीही तीनात दोनच माणसं पकडत असणार. ४० ही दोन तृतीयांश, तर एकूण ६०. दोन्ही याद्या मिळून नावं दिसतात ५०. उरलेली दहा माणसं कुठल्याच यादीत नाहीत, तरी ती होती हे कळतं. (याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात ही अट आहे, आणि प्रत्यक्षात ती जवळजवळ कधीच पुरी होत नाही. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण या एका अटीवरच अडकलंय, पण ते जाऊ द्या.) मुद्दा असा की हे करायला नावं लागतात. सुंदरलाल अहवालाचा जो मजकूर आज आपल्या हाती आहे त्यात आकडे आहेत, नावांच्या याद्या नाहीत.

मग अहवाल टाकाऊ का? मुळीच नाही. त्याची जी बाजू मला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती आकड्यांची नाही. तो एकरंगी नाही. रझाकारांनी आधी काय केलं ते तो लपवत नाही. बाहेरून, सोलापूरसारख्या ठिकाणांहून आलेल्या टोळ्यांबद्दल लिहितो. सोबतच्या गोपनीय टिपणात लष्करातल्या आणि पोलिसांतल्या काहींच्या सहभागाबद्दलही लिहितो. आणि काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं, हेही नोंदवतो. प्रचारासाठी लिहिणारा माणूस असा तपशील ठेवत नाही. तो दोन्ही बाजूंना अडचणीचा असतो.

आता आकड्याचं पुढे काय झालं ते बघा. पहिल्यांदा नीट मोजायची संधी १९४८-४९ मध्ये होती, तेव्हा अहवाल दाबला. न मोजलेली जागा रिकामी राहत नाही. पुढच्या लिखाणात पन्नास हजार आले, दोन लाख आले. दुसऱ्या बाजूने, "काही तुरळक प्रकार घडले" असं एक वाक्य आलं. दोन्हींकडे पुरावा तोच, म्हणजे सुंदरलाल. एक जण त्याला पाचने गुणतो, दुसरा शून्याने.

जनगणनेवरून काढता येईल की, असं तुम्ही म्हणाल. १९४१ ची आहे, १९५१ ची आहे, वजाबाकी करा. मीही पहिल्याच आठवड्यात तेच करायला बसले होते. पण दहा वर्षांत लोक कराचीला गेले, हैदराबाद शहरात गेले. आणि खुद्द जिल्हाच तोच राहिला नाही. सर्फ-ए-खास आणि जहागिरींची गावं दिवाणीत आली, आणि १९५० च्या आदेशाने मुंबई प्रांत आणि हैदराबाद यांनी एकमेकांच्या पोटातली सुटी गावं अदलाबदल करून घेतली. ज्या भांड्यातलं पाणी मोजायचं ते भांडंच मध्ये बदललं.

इथे दक्षिण सुदान कामी येतं.

९ जुलै २०११ ला तो देश स्वतंत्र झाला. अडीच वर्षंही झाली नव्हती तोवर १५ डिसेंबर २०१३ ला राजधानी जुबात राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदच्युत उपाध्यक्ष रिएक माचर यांच्या बाजूचे सैनिक एकमेकांवर तुटून पडले. काही दिवसांतच लढाई वांशिक कत्तलीत बदलली. लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे धावले आणि तळांची दारं उघडली गेली. १९ डिसेंबरला अकोबोच्या तळावर आश्रयाला आलेल्यांना वाचवताना दोन भारतीय जवान मारले गेले. त्या तळांच्या छावण्यांत पुढे लाखावर माणसं वर्षानुवर्षं राहिली.

या युद्धातले मृत्यू २०१८ मध्ये लंडनच्या 'स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन'च्या अभ्यासकांनी काढले. डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात सुमारे ३ लाख ८३ हजार जादा मृत्यू, त्यातले साधारण निम्मे थेट हिंसेने. 'जादा' हा शब्द महत्त्वाचा. त्यांनी आधी विचारलं, युद्ध झालंच नसतं तर किती मेले असते? उत्तर आलं जवळपास ८ लाख. प्रत्यक्षात मेले सुमारे पावणेबारा लाख. या फरकाला ते युद्धाचे मृत्यू म्हणतात. म्हणजे मोजणीचा पाया होता 'आधी'. आम्ही त्याला आधाररेषा म्हणतो.

तिथलीही शेवटची जनगणना २००८ ची, नोंदवही तिथेही नाही. मग आकडा आला कुठून? मदत करणाऱ्या संस्थांकडून. धान्य कुठे टाकायचं, लसी कुठे न्यायच्या हे ठरवायला त्या छोट्या-छोट्या पाहण्या करतात: घरात माणसं किती, गेल्या तीन महिन्यांत कोण गेलं, कशाने. संशोधकांनी त्या सगळ्या पाहण्या एकत्र करून जिथे पाहणी नव्हती तिथला अंदाज बांधला. मदतीचा हेतू मोजणं हा नव्हता, तरी मोजणी तिच्यातूनच झाली.

१९४८ मध्ये आपल्याकडे मदत होती का? होती. कारवाईच्या आधी सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची शिबिरं होती. आजीची आई अशाच एका शिबिराच्या आसऱ्याने बाळंत झाली. पण त्याच सरहद्दीवरच्या शिबिरांतून निजामाच्या नाक्यांवर हल्लेही होत. निर्वासिताला भाकरी आणि लढणाऱ्याला बंदूक एकाच तंबूतून. हे मी टीका म्हणून लिहीत नाही, दुसरा मार्गच नव्हता. सुदानमध्ये १९८९ पासून 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' या नावाने संयुक्त राष्ट्रांनी सरकारी आणि बंडखोर अशा दोन्ही भागांत अन्न नेलं, तेव्हा तिथेही हीच गाठ पडली: भुकेल्यापर्यंत जाणारं धान्य वाटेत फौजेच्याही पोटात जातं. फरक एवढा की तिथे मदत करणारा तिसरा कोणी होता. आपल्याकडे सप्टेंबरपर्यंत मदत करणारा लढणाऱ्यांपैकी एक होता, आणि सप्टेंबरनंतर जिंकलेलं राज्य. जिंकलेलं राज्य आपल्याच विजयानंतरच्या महिन्यातले मृत्यू घरोघर जाऊन विचारत नाही. (दक्षिण सुदानलाही हे लागू पडतं. आफ्रिकी संघाने ओबासान्जोंच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये तयार होता, शांतता बोलण्यांना धक्का नको म्हणून थांबवला, आणि वर्षभराने २०१५ मध्ये बाहेर आला. आपण ६० हून जास्त वर्षं घेतली.)

आपल्या राज्याला मोजता येत नव्हतं असंही नाही. याच जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा घर न् घर लिहिलं गेलं, ५२ गावं नवीन जागी उठवून बसवली.

आता राज्यबांधणीकडे येते, कारण मला खरं तिथलं खटकतं. पोलीस कारवाईनंतरची राज्यबांधणी कागदावर देखणी आहे. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, १९५२ मध्ये निवडणूक. हे सगळं फार मोलाचं आहे आणि माझ्यासारख्या घरातली मुलगी पीएच.डी.पर्यंत येण्यात त्याचा हात आहे. पण या प्रत्येक कागदाची आधाररेषा कुठली? सप्टेंबर १९४८ च्या नंतरची. जे आहेत ते आहेत. जे निघून गेले ते कागदात नाहीत.

हे मला पुस्तकात कळलं नाही. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडेही सगळ्यांसारखी धावपळ झाली. वडिलांनी आमच्या गटाचं १९५४-५५ चं खासरा पत्रक काढलं. कुणबी हा शब्द नव्हता. मालकाच्या रकान्यात एक मुसलमान नाव होतं, कसणाऱ्याच्या रकान्यात पणजोबा.

वडील म्हणाले, "कूळ होतो आपण. कायद्यानं मिळाली जमीन." ते खरं आहे. आजीला विचारलं तर म्हणाली, "ते हैदराबादला गेले. वाड्याला कुलूप बी घातलं नाही." हेही खरं आहे. आता कूळकायद्याने न्याय मिळाला की ॲक्शनमधल्या पळापळीने जमीन मिळाली? खासरा पत्रकावरून हे सांगता येत नाही. कायदा आला नसता तर काय झालं असतं, आणि पळापळ झाली नसती तर काय झालं असतं, या दोन 'नसतं'मधला फरक काढायला दोन्हींच्या आधीची नोंद लागते. समितीने घरं-जमिनी बळकावल्या गेल्याचं लिहिलं होतं. तेव्हाच कोणी तालुकावार तपासलं असतं, तर आमचा गट कुठल्या रकान्यात पडतो ते आज मला कळलं असतं. कदाचित स्वच्छ निघाला असता.

दक्षिण सुदानमध्ये हेच चालू आहे, आणि अजून वेळ गेलेली नाही. २०१५ मध्ये अध्यक्षांनी एका आदेशाने १० राज्यांची २८ केली. मलाकल शहर नव्या दिन्काबहुल राज्यात गेलं, तेव्हा तिथले शिलुक लोक शहराच्या कडेला संयुक्त राष्ट्रांच्या छावणीत अडकलेले होते. २०२० मध्ये पुन्हा १० राज्यं झाली. पण मधल्या वर्षांत शहरात कोण राहिलं, कोणी कुठल्या घरात संसार मांडला, याची नवी आधाररेषा तोवर तयार झाली होती. परतणाऱ्याला आता स्वतःचंच घर स्वतःचं आहे हे सिद्ध करावं लागतं. तिथे निवडणूक आणि जनगणना पुन्हा पुन्हा पुढे जातात त्याचं एक कारण हे आहे: कुठल्या दिवशीची माणसं मोजायची यावरच भांडण आहे.

आपल्याकडे निजामाच्या काळातली दप्तरं गेल्या दोन-तीन वर्षांत जेवढी उलटली गेली तेवढी आधीच्या सत्तर वर्षांत उलटली नसतील. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधून आणले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णयही निघाला. ते झालं याबद्दल माझी तक्रार नाही, आमचाही अर्ज आहे. पण तीच माणसं, तीच दप्तरं, तेच टेबल. १९४८ च्या आधी आणि नंतर एकाच गटावर कोणाचं नाव होतं, एवढं बाजूच्या वहीत लिहून घेतलं असतं तर सुंदरलालांची कच्ची बेरीज पक्की करायला सुरुवात झाली असती. मृत्यूंचा आकडा त्यातून मिळणार नाही. निघून गेलेल्यांचा अंदाज मिळेल, आणि जनगणनेच्या वजाबाकीतली सर्वांत मोठी गडबड तीच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी छोटासा प्रयोग केला. दक्षिण सुदानच्या पाहणीतलं घटना-कॅलेंडर घेऊन आमच्या गल्लीपुरतं १९४५ ते १९५२ चं कॅलेंडर केलं आणि ऐंशीच्या पुढच्या सहा जणांना दाखवलं. 'रझाकार' आणि 'ॲक्शन' मी शेजारी-शेजारी, दोन वेगळ्या घटना म्हणून लिहिले होते. चाचांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, बोट ठेवलं, आणि म्हणाले, "बेटा, या दोन्हीच्या मधी एक महिना सोडलाय तू. आम्ही उसात होतो तो."

तो मी आता घातलाय.